डाव्या कानाची गोष्ट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी गणिताच्या सरांनी मला विचारलं, "मुलं किती?" मी म्हणालो, "अठ्ठावन्न, सर." सगळे हसले, मीही हसलो. खरं म्हणजे मला फक्त 'किती' ऐकू आलं होतं. बाकीचं मी अंदाजानं भरलं. गेली पंधरा वर्षं असंच भरत आलोय.

आपण शाळेत असतानाच, 26 ऑगस्ट 1982 ला, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. माझी बहुतेक नोकरी तिकडच्याच पोलीस मदत केंद्रांवर झाली. चांदमारीला आम्ही रांगेत झोपून गोळ्या झाडायचो. रायफलचा आवाज कानापाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो. 140 च्या पुढे एकच बारसुद्धा कानाला इजा करू शकतो. आम्ही कापसाचे बोळे घालायचो. कापूस आवाज फारसा अडवत नाही, हे पन्नाशीनंतर कानाच्या डॉक्टरांकडून कळलं. संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची, सकाळी थांबायची. वाटायचं, बरा झाला. पण आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो, म्हणून माझा डावा आधी गेला.

जंगलात तर कान झाकताच येत नाही. सागाच्या वाळल्या पानावर पाऊल पडलं, तर ते ऐकू यायला हवं. हळू आवाज आत सोडणारे आणि बार अडवणारे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक निघालेत, पण माझ्या उमेदीत मी ते पाहिले नव्हते.

बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये नोकरी केलेले मित्र इथं बसलेत. आवाजानं येणारं बहिरेपण कारखाना कायद्याच्या आजारांच्या यादीत होतं. पोलीस ठाणं म्हणजे कारखाना नव्हे. पण सगळा दोष नियमांवर टाकणार नाही; मी स्वतः लपवलं. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याच्या भूसुरुंगात 15 जवान आणि गाडीचा चालक गेला. अशा जिल्ह्यात कान वाजतो म्हणून कोण सांगणार? शिवाय बंदोबस्तावरून काढून टेबलावर बसवतील, ही भीती होतीच. वायरलेसवर 'सात' म्हणाले की 'आठ', हे मी शेजारच्या शिपायाला हळूच विचारायचो. एखाद्या रात्री तो शेजारी नसता तर? हा विचार आजही झोपू देत नाही.

घरी बायको चिडायची. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं. मंडपात लोक हसले की मी हसायचो, जरा उशिरा. एकदा लोक रडत होते नि मी हसलो. त्या रात्री ती म्हणाली, "आता तरी डॉक्टरकडे चला." तपासणीच्या आलेखात उंच स्वरांपाशी खड्डा निघाला. स, श, फ तिथंच हरवतात. नातीचा आवाजही तिथलाच.

तुमच्यापैकी कुणाची लेकरं पोलीस भरतीत लागली असतील, तर पहिल्या चांदमारीआधी त्यांचे कान तपासून घ्या आणि कागद घरी जपून ठेवा. माझ्याकडे तो जुना कागद नाही, त्यामुळे नोकरीत किती गेलं आणि वयानं किती, हे दाखवताच येत नाही.

मशीन आजपासून लावलंय, पण पंगतीच्या गलक्यात ते गोंधळतं. जेवायला माझ्या उजव्या हाताला बसा, आणि सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दोन. एक मुलगा, एक मुलगी.