आधार द्यावा, अधिकार घेऊ नये

(झरी जामणी येथे दिव्यांगांचे पालक, ग्रामपंचायत सदस्य आणि सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून झरी जामणी हा तालुका वसला आहे. मराठीच्या जोडीला गोंडी, कोलामी आणि तेलुगू येथे सहज कानावर पडते. कापूस, तूर आणि सोयाबीन ही येथील शेती. मुख्य गावापासून दूर, जंगलाच्या कडेने वसलेले कोलामांचे पोड ही येथील ओळख. जिल्ह्याचे ठिकाण पांढरकवड्यावरून शंभर किलोमीटरच्या आसपास. धडधाकट माणसालाही हे अंतर सोपे नाही. मग ज्याचे पाय चालत नाहीत, ज्याला दिसत नाही, ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याने ते कसे कापावे? प्रमाणपत्रासाठी किंवा तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले, तर सोबत एक माणूस लागतो. त्या माणसाची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन माणसांची मजुरी बुडवणे हातावर पोट असलेल्या घराला परवडत नाही. जाणे पुढे ढकलले जाते आणि वर्ष निघून जाते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहतात. उपचार, प्रशिक्षण, विशेष शाळा आणि वसतिगृहे मात्र प्रामुख्याने शहरांत. म्हणजे जिथे माणूस आहे तिथे सोय नाही आणि जिथे सोय आहे तिथे जाण्यासाठी माणसाला आपले घर, आपली भाषा आणि आपली माणसे सोडावी लागतात. आजच्या विचाराचा विषय नेमका हा आहे. दिव्यांग व्यक्तीला आपल्याच गावात, आपल्याच मर्जीने आणि सन्मानाने जगता यावे, यासाठी गावाने काय करावे?

स्वावलंबन कशाला म्हणावे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वावलंबन म्हणजे कोणाचीही मदत न घेता जगणे, अशी समजूत सर्वत्र आढळते. या व्याख्येने पाहिले तर जगात एकही माणूस स्वावलंबी ठरणार नाही. शेतकऱ्याला पेरणीला शेजाऱ्याची बैलजोडी लागते, घर शाकारताना चार हात लागतात. त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही, कारण कोणते पीक घ्यायचे आणि घराचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, हे तो स्वतः ठरवतो.

विदर्भाने या गोष्टीचे एक तेजस्वी उदाहरण पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१ चा. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये त्यांनी देह ठेवला. उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. वाचून दाखवणारे डोळे दुसऱ्यांचे होते, उतरवून घेणारे हात दुसऱ्यांचे होते. परंतु काय ऐकायचे, काय स्वीकारायचे आणि कशाचे खंडन करायचे, हा निर्णय सर्वस्वी महाराजांचा होता. भोवतालच्या माणसांनी आधार दिला. अधिकार घेतला नाही.

हाच विचार सातासमुद्रापलीकडे वेगळ्या वाटेने पुढे आला. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळपास निकामी झाले आणि श्वासासाठीही यंत्राचा आधार घ्यावा लागला. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने त्यांना नोकरीस अयोग्य ठरवले होते. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले आणि १९७२ मध्ये तेथे दिव्यांगांनीच चालवलेले स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. पुढे १९७५ मध्ये, ज्या खात्याने अयोग्य ठरवले होते त्याच खात्याचे ते संचालक झाले. कपडे घालण्यासाठी त्यांना मदतनीस लागे. खाते चालवण्याचे निर्णय मात्र त्यांचे असत.

वर्धा नदीपलीकडचा धडा

झरी जामणीहून वणीमार्गे वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. खडकाळ जमीन, हाताशी चौदा रुपये आणि समाजाने टाकलेले कुष्ठरोगी, एवढ्या भांडवलावर ते काम उभे राहिले. झडलेल्या बोटांनी विहिरी खोदल्या आणि भाजीपाला पिकवला. त्या काळी कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी विकत घेण्यास लोक कचरत. म्हणजे माणसे काम करू शकत होती. अडथळा त्यांच्या बोटांत नव्हता, गिऱ्हाइकाच्या मनात होता. पुढे देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे राहून कामाला लागले, तेव्हा ती भीती हळूहळू ओसरली. त्यानंतर आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालय उभे राहिले आणि पंचक्रोशीतील निरोगी घरांतील मुले तेथे शिकण्यास येऊ लागली. ज्यांना गावाबाहेर काढले, त्यांच्या दारी गाव विद्या घेण्यास गेले! कालांतराने अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग व्यक्तींसाठीही तेथे शिक्षणाची व हस्तकौशल्याची सोय झाली.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कार्यही याच जातीचे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर त्यांना चाकाच्या खुर्चीवरूनच जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या उदाहरणाने उभारी मिळाली. १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था स्थापन केली. वसतिगृह, शाळा आणि सिंधुदुर्गातील काजू प्रक्रिया उद्योग असा तिचा विस्तार झाला. येथे दिव्यांग व्यक्ती लाभार्थी म्हणून आली नाही, चालक म्हणून आली.

या संस्थांचे ऋण मोठे आहे. दिव्यांग काय करू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु प्रत्येक पोडावरचा मुलगा वरोऱ्याला किंवा कोल्हापूरला जाणार नाही आणि जावे लागू नये. १९७८ च्या अल्मा-आता येथील आरोग्य परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा मार्ग सांगितला, तो यासाठीच. कुटुंब, शेजार, शाळा आणि पंचायत हीच पुनर्वसनाची जागा, हे त्याचे सूत्र.

कायद्याने दिलेले बळ

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या आधारे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. पूर्वी सात प्रकारच्या अपंगत्वाची दखल घेतली जाई. आता एकवीस प्रकारांची घेतली जाते. त्यांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. विदर्भाच्या आदिवासी भागात ही बाब विशेष महत्त्वाची. वरून धडधाकट दिसणारा, पण वारंवार सांधेदुखीने अंथरूण धरणारा तरुण आळशी नसतो, हे गावाने समजून घ्यावे.

या कायद्याचे पाचवे कलम सांगते की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा अधिकार आहे. अमुकच ठिकाणी राहिले पाहिजे, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत आणि घरकुलांच्या वाटपात लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी ५ टक्के आरक्षण आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. ज्या ग्रामपंचायतीचे उत्पन्नच तुटपुंजे, तिथे ही रक्कम फार भरणार नाही. तरीही तिचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. कारण तो वाचला जातो तेव्हा दिव्यांग व्यक्ती गावाच्या हिशेबात येते. वणी, मुकुटबन परिसरात खाणी आणि सिमेंट उद्योग आहेत. खाणबाधित भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत वृद्ध व दिव्यांगांचे कल्याण हा प्राधान्याचा विषय आहे. तो निधी ठरावाने आणि पाठपुराव्याने मागता येतो.

पोडावर काय करता येईल?

सर्व कामांना निधी लागतोच असे नाही. पहिले काम यादीचे. गावात किती दिव्यांग आहेत, कोणाकडे प्रमाणपत्र आहे, कोणाकडे नाही, कोणते मूल शाळेबाहेर आहे, ही यादी आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षक यांनी मिळून आठवडाभरात करता येईल. प्रमाणपत्र नसलेल्या दहा जणांसाठी गावाने एकच वाहन करावे. दहा घरांच्या मजुरीऐवजी दोन सोबत्यांची मजुरी बुडेल, तीही गावाने भरून द्यावी.

दुसरे काम वाटेचे. तीनचाकी सायकल मिळते आणि पावसाळ्यात पांदणीच्या चिखलात रुतून बसते. घरापासून रस्त्यापर्यंतचा वीस-पंचवीस हातांचा तुकडा मुरूम टाकून पक्का करणे हे गावच्या श्रमदानाचे काम आहे. अंध व्यक्तीसाठी घरापासून संडासापर्यंत दोर बांधता येतो. तोल न सांभाळणाऱ्या मुलासाठी अंगणात बांबूचे दोन समांतर दांडे रोवले की चालण्याचा सराव घरीच होतो. बांबू कसा वाकवावा, हे कोलाम बांधवांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

तिसरे काम रोजगाराचे. टोपल्या-तट्टे विणणे, शेळीपालन, शिवणकाम, किराणा दुकान, रोजगार हमीच्या कामावर पाणी देणे किंवा मुले सांभाळणे, यांतले काय जमेल आणि काय आवडेल, हे आधी त्या व्यक्तीला विचारावे. येथेच सर्वाधिक चूक होते. अनुदान येते, घरातील कर्ता ते काढतो आणि ज्याच्या नावाचे आहे त्याला रक्कमही ठाऊक नसते. बँकेचे पुस्तक त्याच्या हाती असावे. बचत गटात दिव्यांग स्त्रीचे नाव पूर्ण सभासद म्हणून असावे. ग्रामसभेत तिला बोलू द्यावे. खुणांनी बोलत असेल तर तिच्या खुणा समजणाऱ्याला शेजारी बसवावे.

आईवडिलांनंतर

आता त्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, जो प्रत्येक पालकाच्या मनात असतो आणि ओठांवर येत नाही. आमच्यामागे याचे काय? बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पालक या एका चिंतेने झोप हरवून बसतात.

अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी हा प्रश्न आयुष्यभर मांडला. टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले. बालगृहातील मुलाला अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागते. पण जे मूल जन्मभर आधारावाचून जगू शकत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसानंतर जायचे कुठे, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे. त्यांच्याच घरात वाढलेली एक दृष्टिहीन कन्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी सेवेस पात्र ठरली. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. कोणाला जन्मभर सोबत लागेल, कोणी आधाराने भरारी घेईल. दोघांनाही घर हवे असते.

कायद्याने येथेही वाट ठेवली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पालक हयात असतानाच हे काम व्हावे. परंतु कागदावरचा पालक पुरेसा नसतो. त्या मुलाला ओळखणारी, त्याच्या आवडीनिवडी जाणणारी, त्याच्यासोबत नेहमी जेवणारी पाच घरे गावात असावीत. एकावर सारा भार पडला की तो थकतो. पाच घरांनी वाटून घेतलेला भार जाणवत नाही.

बंधू आणि भगिनींनो, समाज हे एक शरीर आहे, असे नेहमी म्हटले जाते. शरीरात काटा रुततो पायाला आणि पाणी येते डोळ्यांत, हात आपोआप पायाकडे जातो. परंतु हात काटा काढतो, पायाने कुठे जायचे ते ठरवत नाही. एवढे भान ठेवून या तालुक्यातील प्रत्येक गावाने आपल्या दिव्यांग बांधवाच्या पाठीशी उभे राहावे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या क्रमांकावर असावा आणि त्यावर बोलण्याचा पहिला मान ज्यांचा तो विषय आहे त्यांना मिळावा.