प्रवासी गळकऱ्याची डबी



गळाला गांडूळ लावून मासा कसा धरावा, हे आपल्या नदीकाठच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. पण गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसे आणि दोरा यांची खोटी माशी गळावर बांधायची आणि तिने मासा फसवायचा, ही विद्या जरा निराळी. काश्मीर आणि हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा आहे. तो मूळचा आपल्याकडचा नव्हे. इंग्रजांच्या काळात त्याची अंडी विलायतेहून आणून तो तेथे वाढवला. पाण्यातले आणि पाण्यावर उतरणारे किडे हे त्याचे आवडते अन्न. त्याला धरायला लोक माशी वापरतात, आणि हौशी माणूस ती माशी नदीकाठीच बांधतो. त्यासाठी लागणारी प्रवासी डबी कशी भरावी, हे आज सांगणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला त्याचे काय? थोडे ऐका. या डबीचा एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो.

ही कला फार जुनी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांची माशी वर्णन केली आहे. गळावर तांबडी लोकर गुंडाळायची आणि मेणाच्या रंगाची कोंबड्याची दोन पिसे लावायची, झाले काम! पुढे इंग्लंडात आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली मासेमारीवर एक प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यातही नदीवर जाताना केस, लोकर, कोंबड्याची पिसे आणि रंगीत रेशीम जवळ बाळगावे, असा सल्ला आहे. म्हणजे डबी नवी नाही. नवा आहे तो तिच्यात सगळा बाजार भरण्याचा सोस.

हा सोस कसा वाढतो पाहा. दुकानात शंभर रंगांचे दोरे असतात, पन्नास तऱ्हांची पिसे असतात. माणूस एकेक घेत जातो, आणि नदीवर पोचतो तेव्हा त्याच्या पाठीवर बिऱ्हाड असते. मासा पाण्यात उड्या मारतो आहे आणि हा पिशवीत कात्री शोधतो आहे! म्हणून पहिला नियम असा की, आधी माशी ठरवा आणि मग डबी भरा. चार दिवसांच्या प्रवासाला तीन प्रकारच्या माश्या पुष्कळ झाल्या.

आता हत्यारे. गळ घट्ट धरून ठेवणारा लहानसा व्हाइस, बारीक टोकाची कात्री, दोऱ्याचे रीळ धरणारी नळी आणि मेणाचा खडा, एवढ्यावर भागते. गळ व्हाइसमध्ये धरायचा. मेण लावलेला दोरा नेढ्यापासून बाकापर्यंत दांडीवर गुंडाळत न्यायचा. तेथे पीस किंवा लोकर बांधायची, तिचे वेढे देत पुढे यायचे आणि नेढ्यामागे गाठ मारायची. गाठीवर वार्निशचा एक थेंब टाकला की माशी पक्की. घरात नखांना लावायचा बिनरंगी पातळ रंग असेल, तर तोही चालतो. गळांच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा. या मापांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. ट्राउटसाठी बारा, चौदा आणि सोळा हे आकडे साधारणपणे पुरतात.

सामान भरताना सगळी पिसे एकत्र कोंबू नका. एका माशीला एक पुडी करा. त्या पुडीत तिचेच गळ, तिचेच पीस आणि तिचाच दोरा ठेवा, वर नाव लिहा. वारा सुटला, अंधारून आले, तरी एकच पुडी उघडायची. बाकीचे सामान सुरक्षित राहते. पिसे आधी साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. ओल राहिली तर बुरशी येते, आणि नीट मिटली नाहीत तर कसर लागते. खाली अंथरायला एक पांढरा रुमाल घ्या, म्हणजे पडलेला गळ दिसतो. विमानाने जाणार असाल, तर कात्री आणि गळ जवळच्या पिशवीत न ठेवता सोपवायच्या सामानात घाला.

आणि शेवटची परीक्षा घरीच घ्या. डबी भरली की घरातल्या कोणत्याही दुसऱ्या वस्तूला हात न लावता प्रत्येक प्रकारची एकेक माशी बांधून पाहा. काय राहिले आणि काय उगाच घेतले, ते तेथल्या तेथे कळते.

थोडक्यात काम कसे भागवावे, याचा उत्तम धडा फ्रँक सॉयर यांनी दिला. हे इंग्लंडातल्या एव्हन नदीचे राखणदार होते. पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी माशी त्यांना हवी होती. त्यांनी दोराच टाकून दिला! केसासारखी बारीक तांब्याची तार घेतली आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू घेतले. तारेने माशी बांधलीही गेली आणि तिला बुडण्यापुरते वजनही आले. एका वस्तूने दोन कामे झाली. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९५८ साली निघाले आणि ती माशी आजही जगभर बांधतात.

आता सह्याद्रीकडे येऊ. आपल्या घाटातला करडा रानकोंबडा तुम्ही पाहिला असेल, निदान पहाटे त्याची बांग तरी ऐकली असेल. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सुकावा तसे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. पाण्यात ते माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. म्हणून विलायतेतल्या सामन माशाच्या माश्यांसाठी या पिसांना फार मागणी आली. हा पक्षी भारताबाहेर रानात कोठेही नाही, आणि त्याच्या मानेची किंमत मात्र परदेशात ठरू लागली! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा कोणी गोड बोलून "एवढी एक मान आणून द्या" म्हणाला, तर त्याला सरळ नाही म्हणा. पाळीव कोंबड्याच्या पिसावर रंगाचा ठिपका दिला तरी माशी बनते.

पिसांचा लोभ कोठवर जातो, तेही ऐका. जून २००९ मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली. काही तर आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने गोळा केलेली होती. चोर होता माश्या बांधणारा एक तरुण. पुष्कळ कातडी परत मिळाली. पण कित्येकांच्या पायाच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कोठला, कधीचा, हे त्या चिठ्ठीवर असते. चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञाला त्या पिसांचा उपयोग फार थोडा उरतो. शोभेच्या माशीसाठी दीडशे वर्षांचे ज्ञान गेले!

शिक्षकबंधूंनो, शाळेत हा उद्योग करून पाहण्यासारखा आहे. मासे धरण्याची गरज नाही, अणकुचीदार गळही नको. बोथट तारेचा आकडा पुरे. मुलांना ओढ्यावर न्या, उथळ पाण्यातला दगड हलकेच उलटवा, खाली चिकटलेले किडे पाहू द्या आणि दगड होता तसा ठेवा. मग वर्गात पाळीव कोंबडीचे गळलेले पीस, जुन्या लोकरीचा तुकडा आणि निकामी यंत्रातली तांब्याची तार देऊन तोच किडा बांधायला सांगा. पाय किती होते, शेपटीचे तंतू दोन की तीन, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील आणि उत्तर शोधायला पुन्हा ओढ्यावर जातील.

डबी लहान असली की माणूस पाण्याकडे जास्त पाहतो. आणि तिच्यात जे घालायचे ते रानाला उणे न करता मिळालेले असावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.