वेग आणि विलंब

घरोघरी इंटरनेट आले आणि त्याबरोबर वेग मोजण्याची हौसही आली. जोडणी करणारा कारागीर घराबाहेर पडतो न पडतो तोच तरुण मंडळी चाचणी लावतात. पडद्यावरचा काटा सरसर चढतो, १०० मेगाबिटचा आकडा झळकतो आणि पैसे सार्थकी लागल्याचे समाधान घरभर पसरते. पुढे एके सायंकाळी थोरला मुलगा लग्नाचे चित्रीकरण नातलगांकडे पाठवू लागतो. त्याच वेळी धाकटीची नोकरीची मुलाखत पडद्यावर चालू असते. तिचे शब्द तुटू लागतात, चेहरा गोठतो, आणि समोरचे गृहस्थ "ऐकू येत नाही" असे पुनःपुन्हा सांगू लागतात. नंतर चाचणी घ्यावी, तर आकडा तोच, १००.

तो आकडा खोटा नसतो. त्याला जे विचारलेच नव्हते ते त्याने सांगितले नाही, इतकेच. एका सेकंदात किती माल पलीकडे गेला, हा वेग. माहितीचे एक लहानसे पॅकेट जाऊन त्याची पोच परत येण्यास किती अवधी लागला, हा विलंब. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. संभाषणाला वेग थोडाच पुरतो. विलंब मात्र सोसत नाही. शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत ऐकणाऱ्याच्या कानी पडला, तर संभाषणास सहसा बाधा येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

दिवाडी बेटावर जाणाऱ्या-येणाऱ्या गोमंतकीयांना हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. फेरीबोट नदी काही मिनिटांतच ओलांडते; वेळ जातो तो धक्क्यावरच्या रांगेत. पुढे वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या असल्या, म्हणजे मागून आलेल्या एकट्या दुचाकीस्वारालाही तिष्ठावे लागते. घरच्या मोडेममध्ये अशीच एक रांग असते. तिला बफर म्हणतात. तीत १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल साठला आणि बाहेर जाणारा वेग ४ मेगाबिट असला, तर मागून आलेल्या पॅकेटला २ सेकंद थांबणे प्राप्तच आहे. मुलाखतीत २ सेकंद म्हणजे एक युगच!

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना हा अनुभव २०१० साली मॅसॅच्युसेट्समधील स्वतःच्या घरीच आला. मोठा मजकूर बाहेर पाठवीत असता विलंब सेकंदाच्याही पलीकडे गेलेला त्यांना आढळला. या विकाराला त्यांनी 'बफरब्लोट', म्हणजे बफरची सूज, असे नाव दिले. त्याचे मूळ जुने आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कली येथे अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावरील दोन ठिकाणांमधील वहन दर सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी योजलेला उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला. पाठविणाऱ्याने वेग हळूहळू वाढवावा आणि पॅकेट हरवले की आवरता घ्यावा, असा तो नियम. म्हणजे हरवणे हीच गर्दीची वर्दी! पुढे स्मृतिसाठा स्वस्त झाला. एकही पॅकेट वाया जाऊ नये या सद्धेतूने निर्मात्यांनी बफर वाढवीत नेले. हरवणे थांबले, वर्दीही थांबली, आणि रांग मात्र फुगत गेली. जॉन नेगल यांनी साठा अमर्याद असला तरी गर्दी सुटत नाही, हे १९८५ सालीच दाखवून दिले होते. पण स्वस्ताईपुढे शहाणपण कोण ऐकतो?

तेव्हा मोजावयाचे ते भाराखाली. संगणक शक्यतो तारेने जोडावा, म्हणजे वायफायचा दोष यात मिसळत नाही. घर शांत असता 'पिंग' या साध्या आज्ञेने विलंब पाहावा. समजा, तो २० मिलिसेकंद आला. पिंग चालूच ठेवून वेगाची चाचणी लावावी, किंवा एखादे मोठे चित्रीकरण पाठवावयास घ्यावे. २० चे ४० झाले तर जोडणी निकोप समजावी. ६०० झाले तर मुलाखत का तुटली ते कळले. येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांची परीक्षा निरनिराळी घ्यावी. काही चाचण्या आता भाराखालचा विलंबही दाखवितात. ॲपलच्या संगणकांत २०२१ पासून असलेले एक साधन तर एका मिनिटात किती फेऱ्या पुऱ्या होतात ते सांगते. येथे आकडा मोठा तितके बरे.

दोष सापडल्यावर पुष्कळ जण अधिक वेगाची योजना विकत घेतात. त्याने रांग लवकर सरते, परंतु मोठे काम निघाले की पुन्हा भरते. खरा उपाय रांगेच्या शिस्तीत आहे. कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी २०१२ साली 'कॉडेल' ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती पाहत नाही. पॅकेट किती वेळ खोळंबले ते पाहते. खोळंबा १०० मिलिसेकंदांच्या अवधीत ५ च्या खाली एकदाही आला नाही, तर ती एखादे पॅकेट मुद्दाम टाकून देऊन पाठविणाऱ्यास वर्दी देते. तिच्या सुधारित रूपात निरनिराळ्या प्रवाहांच्या रांगाही वेगळ्या ठेवतात, त्यामुळे दुचाकीस्वाराला वऱ्हाडामागे थांबावे लागत नाही.

ही सोय काही राउटरमध्ये असते. तेथे मर्यादा मोजलेल्या वेगाहून किंचित कमी, जसे १०० च्या जागी ९०, बांधावी लागते, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते. मग चाचणीचा काटा ९० च्या आतच अडतो, आणि थोरला मुलगा "कोणी बिघडवले?" म्हणून घर डोक्यावर घेतो. त्याचे चित्रीकरण तेव्हाही जातच असते, आणि आतल्या खोलीत धाकटीचे बोलणे अखंड चालू असते.