शिडाच्या नावेचे पहिले पुस्तक
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आज मला बोलायला सांगितले आहे ते एका वहीविषयी. आपल्या मंडळातल्या एक वडीलधाऱ्या भगिनी रत्नागिरीकडच्या माहेरवाशीण आहेत. त्यांच्या इच्छेवरून त्यांचे नाव घेत नाही. यजमानांच्या नोकरीमुळे त्या मुकुटबनला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते. ते सारे आठवून त्यांनी दोनशे पानी वही लिहून काढली आहे. ती छापावी काय, आणि छापली तर विकावी कशी, हा आजचा प्रश्न आहे.

मी सातवी शिकलेली बाई. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही मुंबईस लग्नाला गेले तेव्हा. तरी हे काम माझ्याकडे आले, म्हणून दोन महिने मिळेल ते वाचले, माहिती असणाऱ्यांना विचारले, आणि यथामति मांडते आहे.

वही निघाली तेव्हा आपल्यातल्याच एकीने विचारले, "काय वो, समुद्राचं पुस्तक वाचून आमाले का वावरात नाव चालवाची हाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न खरा आहे. आपल्याला पैनगंगा माहीत, डोंगा माहीत. शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द आपण शाळेच्या पुस्तकातच वाचले. मग इथे हे पुस्तक कोण घेणार?

याचे उत्तर मला एका परक्या माणसाच्या हकिकतीत सापडले. जोशुआ स्लोकम हा खलाशी. कॅनडात जन्मला, पुढे अमेरिकेचा झाला. दहा वर्षांचा असताना त्याची शाळा सुटली आणि बापाच्या जोडे करण्याच्या कामात तो लागला. पुढे तो जहाजाचा कप्तान झाला. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फुटले, तेव्हा बायको हेटी आणि दोन मुले बरोबर होती. त्याने तिथेच एक लहान नाव बांधली. ती पाण्यात लोटली १३ मे १८८८ रोजी. त्याच दिवशी ब्राझीलमधले गुलाम मुक्त झाले, म्हणून तिचे नाव ठेवले 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. त्या नावेची शिडे हेटीने शिवली, आणि त्या शिडांवर सारे कुटुंब अमेरिकेला घरी पोचले.

या प्रवासाचे पुस्तक स्लोकमने १८९० साली पदरच्या पैशाने छापले. ते त्याचे पहिले पुस्तक. ते फारसे खपले नाही. चार वर्षांनी दुसरे छापले, त्याचीही तीच गत. दुसरा कोणी असता तर लेखणी मोडून टाकता. त्याने मात्र त्याआधीच एक जुनी, मोडकी नाव नव्याने बांधून काढली होती. तिचे नाव 'स्प्रे'. लांबी सुमारे ३७ फूट, म्हणजे आपल्या सभागृहाएवढी. २४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून एकटाच निघाला आणि २७ जून १८९८ ला पृथ्वीला वळसा घालून परत आला. एकट्याने असा वळसा घालणारा तो जगातला पहिला माणूस. आणि गंमत अशी की, त्याला पोहता येत नव्हते!

आता आपल्या कामाचे पुढे आहे. वाटेत काही बंदरांत तो जादूच्या कंदिलाने चित्रे दाखवून व्याख्यान देई आणि पुढच्या प्रवासाचा खर्च काढी. परत आल्यावर त्याचा वृत्तांत आधी एका मासिकात महिनोमहिने क्रमशः छापून आला. लोकांना गोडी लागली, आणि मग १९०० साली पुस्तक निघाले. पुढच्या वर्षी बफलो शहरी मोठे प्रदर्शन भरले. स्लोकमने आपली नावच कालव्यातून तिथे नेली. लोक नाव पाहायला येत आणि पुस्तक घेऊन जात. १९०३ साली त्याची शाळेतल्या मुलांसाठी निराळी आवृत्ती निघाली. आज सव्वाशे वर्षे झाली, ते पुस्तक अजून छापले जाते.

मैत्रिणींनो, त्याचे सगळेच वाचक काही किनाऱ्यावरचे नव्हते. नाव कशी वळवावी हे शिकण्यासाठी त्यांनी पुस्तक घेतले नाही. एकटा माणूस अंधारात, वाऱ्यात, भीती पोटात घालून कसा टिकतो, हे त्यांना वाचायचे होते. ते आपल्यालाही कळते. पाऊस दडी मारतो तेव्हा आपल्या घरोघरी तेच चाललेले असते.

या कामात बायका मागे नव्हत्या. इंग्लंडच्या लेडी ॲना ब्रॅसी नवरा आणि मुलांसह 'सनबीम' नावेतून १८७६ - ७७ साली जगभर फिरल्या. वाटेतून त्या घरी पत्रे लिहीत. त्या लिखाणाचे पुस्तक १८७८ साली निघाले आणि हातोहात गेले. पुढे १८८७ साली समुद्रावरच त्या वारल्या. पत्रे तर आपणही लिहीत होतो. फोन आल्यापासून तेवढे सुटले.

आता आपल्या देशाकडे वळू. १९६० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या सुतारांनी जुन्या पद्धतीने, सागवानात एक ३२ फुटी नाव बांधली. तिचे नाव 'सुहैली'. तीच नाव घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण १४ जून १९६८ ला निघाला आणि कुठेही न थांबता, एकटा, २२ एप्रिल १९६९ ला परत आला. असे करणारा तो जगातला पहिला. त्याच वर्षी त्याचे पुस्तक आले. शर्यतीत मिळालेले पाच हजार पौंड त्याने त्याच शर्यतीत प्राण गमावलेल्या दुसऱ्या खलाशाच्या बायकोमुलांना देऊन टाकले.

आपल्या महाराष्ट्रात फलटणजवळ विंचुर्णीला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहत. १९७१ च्या युद्धात त्यांना वीरचक्र मिळाले होते. भारतीय माणसाने शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे २००६ साली त्यासाठी पुढे आले. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. दोंदे यांनी त्या नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली उमेदवारी केली. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले, वाटेत चार ठिकाणी थांबले, आणि मे २०१० मध्ये मुंबईस परतले. प्रवासातल्या हकिकती ते तिकडूनच लिहून पाठवीत आणि घरबसल्या लोक संगणकावर वाचीत. म्हणजे पुस्तक निघण्याआधीच वाचक तयार झाले होते. 'द फर्स्ट इंडियन' हे त्यांचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले.

पुढे दोंदे यांनी नौदलातल्या सहा मुलींना तयार केले. वर्तिका जोशी यांच्या हाताखाली त्या 'तारिणी' नावेतून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परत आल्या. मग २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना आणि रूपा या दोघींनीच तारिणी जगाभोवती फिरवून आणली. यावर आपल्याला अभिमान वाटावा, नाही का?

परंतु एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली. हेटीने शिडे शिवली, पण तिचे पुस्तक नाही. तिची हकिकत आपल्याला नवऱ्याच्या लेखणीतून कळते. सुहैली घडवणाऱ्या सुतारांनीही पुस्तके लिहिली नाहीत. ज्यांनी प्रवास केला त्यांचे पुस्तक झाले. ज्यांनी शिवले, तासले आणि किनाऱ्यावर वाट पाहिली, त्यांचे राहून गेले. आपल्या भगिनींच्या वहीत नेमके हेच राहिलेले आहे. गलबतातून कौले, मीठ, नारळ कसे जात, पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढून झापांनी कसे शाकारीत, नारळी पौर्णिमेला घरातल्या बाया समुद्राकडे काय मागत, आई फाटक्या शिडाला ठिगळ कसे लावी, हे सारे त्यात आहे. शिडाची गलबते गेली, इंजिने आली. त्या बाई आता सत्तरीच्या आहेत, एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. वही एकच आहे. गेल्या पावसाळ्यात तिची काही पाने ओलीने चिकटली, ती सुरीच्या पात्याने सोडवावी लागली. ही वही गेली तर दुसरी नाही.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी गाणी उतरवून ठेवली. बाई १९५१ साली गेल्या, मग ते कागद आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडले आणि १९५२ साली पुस्तक झाले. कागद जपले म्हणून गाणी राहिली. आणि २०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळला साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटन कोणी केले? आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकरी भगिनीने. तेव्हा ग्रंथांचे जग आपले नव्हे, असे कोणी म्हणू नये.

आता व्यवहाराचे बोलते, कारण हौसेला हिशेब लागतोच.

वहीची बातमी बाहेर गेल्यावर एका गृहस्थांचा फोन आला. पैसे भरा, पुस्तक साऱ्या महाराष्ट्रात पोचवू, असे ते म्हणाले. किती प्रती, कोणत्या दुकानांत, हे लेखी द्या म्हटल्यावर पुन्हा फोन आला नाही. यावरून एवढे ठरवू या की, जे ठरेल ते कागदावर ठरेल. लेखनाचा हक्क बाईंचाच राहील. कायद्याने तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे असतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

लेखिका स्वतःही प्रकाशक होऊ शकते. पुस्तकावर जो लांबलचक क्रमांक असतो, ज्याला आयएसबीएन म्हणतात, तो केंद्र सरकारकडून विनामूल्य मिळतो. मोठ्या यंत्रावर छापायचे तर सुरुवातीचा खर्चच जास्त, म्हणून प्रती पुष्कळ काढाव्या लागतात. नव्या डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात. एक प्रत थोडी महाग पडते, पण गठ्ठे माळ्यावर पडून राहत नाहीत. आपण शंभरच काढाव्या असे माझे मत आहे. मुद्रिते दोघींनी निरनिराळी तपासावी, आणि समुद्रावरचे शब्द बाईंना मोठ्याने वाचून दाखवावेत.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. काहींना हा भुर्दंड वाटेल. मला तो आधार वाटतो. आपल्या घरातल्या प्रतींना वाळवी लागली तरी कोलकात्यात एक राहील.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. त्याचे नियम मागवून पाहावेत, मात्र त्यावर विसंबून थांबू नये. पहिल्या ललितगद्य पुस्तकासाठी राज्याचा पुरस्कार आहे, तो बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या नावाचा. टपालाने प्रती पाठवायच्या तर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये दर ठरला, कर वेगळा.

आणि विक्री? स्लोकमने जे केले तेच आपण आपल्या बेताने करू. आधी वहीतले एकेक प्रकरण दर महिन्याच्या सभेत वाचायचे. गोडी लागली तर लोक आपण होऊन विचारतील. मग शाळांत बाईंना घेऊन जायचे. मुलांना शिडाचे चित्र फळ्यावर काढून दाखवायचे आणि शिक्षकांना शाळेच्या ग्रंथालयासाठी एक प्रत घ्यायला सांगायचे. वणी, पांढरकवडा, झरी इथल्या वाचनालयांना पत्रे टाकायची. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी आपण स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा डबा लुटतो. या वर्षी ज्यांना परवडेल त्यांनी वाण म्हणून पुस्तक लुटावे. वाट्या आपल्या मांडणीत मावेनाशा झाल्या आहेत.

शिल्लक रकमेतून शिवणयंत्र घ्यायचे हे आपले आधीच ठरले आहे. त्या पैशाला हात लावू नये, असे मी स्पष्ट सांगते. यंत्रावर दोन मुलींचे पोट चालणार आहे, आणि पुस्तकासाठी कोणाची भाकरी अडता कामा नये. माझी सूचना एवढीच आहे. आगाऊ नोंदणी करावी. साठ नावे आणि साठ प्रतींचे पैसे जमले तर शंभर प्रती छापाव्यात. न जमले तर पैसे परत करावेत, आणि निदान वहीची स्वच्छ नक्कल करून दोन ठिकाणी ठेवावी. नक्कल करण्याचे काम मी घेते. माझे अक्षर सातवीचे असले तरी वाचता येण्याजोगे आहे.

नोंदणीची वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे, दुसरे माझ्या सासूबाईंनी सांगून लिहवून घेतले. त्यांना वाचता येत नाही, पण रोज संध्याकाळी नातीकडून वाचून घेईन म्हणतात. तेव्हा घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने त्या टेबलापाशी थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.