लोरेटो ते वेबस्टर : एका महाविद्यालयाचे स्थित्यंतर
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाची संहिता)



संस्थेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा संस्थापकांचे कृतज्ञ स्मरण केले जाते. त्या स्मरणातूनच एक प्रश्न उभा राहतो. संस्था कोणाची? ज्यांनी उभारली त्यांची, की ज्यांच्यासाठी उभारली त्यांची? अमेरिकेतील एका महाविद्यालयाला या प्रश्नाचे उत्तर कृतीने द्यावे लागले. त्याचीच ही कथा.

१८१२ मध्ये केंटकी राज्यात ‘सिस्टर्स ऑफ लोरेटो’ हा कॅथलिक धर्मभगिनींचा संघ स्थापन झाला. भारतात लोरेटो शाळा चालवणारा संघ आयरिश परंपरेतला. हा अमेरिकी संघ त्याहून निराळा. मुलींना शिकवणे हे या भगिनींचे जीवितकार्य होते. १९१५ मध्ये त्यांनी मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरालगत, वेबस्टर ग्रोव्ह्ज येथे मुलींसाठी लोरेटो कॉलेज स्थापन केले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, हे ध्यानी घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांसमोर येतो. १९२४ मध्ये महाविद्यालयाचे नाव वेबस्टर कॉलेज असे झाले.

अशा महाविद्यालयांची गरज खरी होती. कॅथलिक पंथाच्या अनेक नामवंत संस्थांची दारे मुलींना बंद होती. नोटर डेम विद्यापीठाने पदवीचे वर्ग त्यांना खुले केले ते १९७२ मध्ये. उलट भगिनींच्या महाविद्यालयात मुलीला प्राचार्यपदी स्त्री दिसे, विज्ञान आणि गणित शिकवणारी स्त्री दिसे, संस्थेचा हिशेब पाहणारीही स्त्रीच दिसे. पाठ्यपुस्तकात नसलेला हा धडा होता.

साठच्या दशकात मात्र वारे पालटले. १९६२ मध्ये रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली आणि चर्चने आधुनिक जगाशी संवाद साधावा असा विचार बळावला. त्याच वर्षी वेबस्टर कॉलेजने प्रथमच पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. दुसरीकडे सरकारी अनुदानाचा प्रश्न बिकट होत होता. १९६६ मध्ये मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने धर्मसंबद्ध महाविद्यालयांना दिलेली काही अनुदाने घटनाबाह्य ठरवली. निकाल एका राज्यापुरता होता, तरी त्याची चिंता सर्वत्र पसरली.

या काळात वेबस्टरची धुरा सिस्टर जॅकलिन ग्रेनन यांच्याकडे होती. त्या याच महाविद्यालयाच्या पदवीधर. पुढे त्यांनी लोरेटो संघात प्रवेश केला आणि १९६५ मध्ये त्या महाविद्यालयाच्या अध्यक्षा झाल्या. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात शिक्षणविषयक सल्लागार मंडळावरही त्यांनी काम केले होते. १९६७ च्या जानेवारीत त्यांनी दोन निर्णय एकत्र जाहीर केले : महाविद्यालय धर्मसंघाच्या मालकीतून मुक्त होऊन सर्वसामान्य नागरिकांच्या विश्वस्त मंडळाकडे जाईल, आणि त्या स्वतः संघाचे व्रत सोडतील.

ही श्रद्धेला दिलेली सोडचिठ्ठी नव्हती. उच्च शिक्षणाचा स्वभाव मुक्त चिकित्सेचा आहे आणि चर्चच्या कायदेशीर अधिकाराशी तो जुळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आज्ञापालनाचे व्रत घेतलेली व्यक्ती विद्यापीठीय संस्थेची प्रमुख असेल, तर कधी संस्थेची तर कधी चर्चची कुचंबणा होणार, हे त्यांनी ओळखले. व्रत की पद, असा पेच होता. त्यांनी तो लपवला नाही.

तरीही या कथेतील मोठा त्याग एका व्यक्तीचा नव्हे. अर्धशतकाहून अधिक काळ श्रमाने जोपासलेली संस्था लोरेटो संघाने त्याच वर्षी विश्वस्तांच्या स्वाधीन केली. कॅथलिक महाविद्यालय पूर्णपणे अशा मंडळाच्या हाती जाण्याचे अमेरिकेतील ते पहिले उदाहरण मानले जाते. ग्रेनन पुढे न्यू यॉर्कच्या हंटर कॉलेजच्या अध्यक्षा झाल्या. तेही मूळचे मुलींचे आणि १९६४ मध्ये सहशिक्षणाकडे वळलेले. वेबस्टर कॉलेज १९८३ मध्ये विद्यापीठ झाले.

या बदलात काही गमावलेही गेले, हे मान्य केले पाहिजे. पुरुष आल्याने वर्ग भरतात, पण नेतृत्वाच्या खुर्चीवर स्त्री बसणारच ही खात्री उरत नाही. धर्मनिरपेक्ष झाल्याने दारे उघडतात, पण वेतनाविना राबणारे व्रतस्थ हात मिळत नाहीत. म्हणून सहशिक्षण म्हणजे केवळ प्रवेशाचा नियम बदलणे नव्हे. मुलीला पूर्वी जो आत्मविश्वास आपोआप मिळत असे, तो आता जाणीवपूर्वक द्यावा लागतो.

महाराष्ट्राबाहेर मराठी समाजाने वर्गणी काढून उभारलेल्या शाळांपुढेही असा काळ येतो. इतर भाषकांची मुले येतात, गरजा बदलतात, आणि ‘आपली’ शाळा म्हणजे काय हे नव्याने ठरवावे लागते. वेबस्टरचे उत्तर जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. मराठी हा या शाळांचा प्राण आहे, तो देऊन टाकण्याची वस्तू नव्हे. परंतु काय जपायचे आणि कशावरचा हक्क सोडायचा, याचा विवेक त्या भगिनींकडून शिकण्याजोगा आहे. त्यांनी मालकी सोडली, शिकवण्याचा हेतू सोडला नाही. वेबस्टरच्या आवारातील नाट्यगृहाच्या नावात ‘लोरेटो’ हा शब्द आजही आहे. संस्थापकांचे स्मरण असेही राहते.