आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल : एक नवी वाटणी

फुटबॉलवर बोलण्याचा माझा अधिकार फार थोडा. मी शिकवतो अर्थशास्त्र, आणि फुटबॉल बघतो. पण कामठीच्या मैदानाच्या कडेला उभे राहून, आजूबाजूच्या चार म्हाताऱ्यांकडून दोन्ही संघांचे दोष ऐकत ज्याने सामने पाहिले, त्याच्या डोक्यात आपोआपच काही कल्पना शिरतात. त्यांतली एक आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी होतो. फुटबॉल आवडतो असे एकदा बोलून गेलो, म्हणून संघाचा व्यवस्थापक झालो. पहाटे एसटीची लाल गाडी धरून आम्ही नागपूर गाठले. सामना शहरातल्या एका बलाढ्य कॉलेजशी. पाऊण तासात चार गोल चढले. अखेर सात शून्य. पोरांनी विहिरीवर पाय धुतले, चिवडा खाल्ला आणि परतीच्या गाडीत बसले. आमचा गोलरक्षक शेवटच्या वर्षाला होता. तो मला म्हणाला, "सर, आता पुढची मॅच कधी हाय जी?" मी म्हटले, पुढच्या वर्षी. मग तो खिडकीबाहेर पाहत बसला, आणि मला माझी चूक उमगली. त्याला पुढचे वर्षच नव्हते.

ही कोण्या एका कॉलेजची गोष्ट नव्हे. बाद पद्धतीच्या स्पर्धेचे गणितच असे आहे. समजा, बत्तीस संघ आहेत. एकूण सामने होतात एकतीस. त्यांपैकी सोळा संघांचे वर्ष पहिल्याच सामन्यात संपते. म्हणजे निम्मी पोरे वर्षभर सराव करतात ती एका दुपारसाठी. गंमत अशी, की सरावाची सर्वांत जास्त गरज ज्याला, तोच आधी घरी जातो, आणि ज्याला नसली तरी चालेल तो पाच सामने खेळतो.

आता माझी वाटणी ऐका. तेच बत्तीस संघ चार-चारांच्या आठ गटांत टाका. गटातला प्रत्येक संघ बाकी तिघांशी खेळेल. गटात सहा सामने, आठ गटांचे अठ्ठेचाळीस. मग आठ गटविजेत्यांचे बाद पद्धतीने सात. एकूण पंचावन्न. सामने चोवीस वाढले हे खरे. पण हे चोवीस सामने कुठे होतात ते पाहा. गट जर शेजाऱ्यांचे केले, तर पोरगा सकाळी निघून दिवेलागणीला घरी येतो. मुक्काम नाही, खोली नाही.

आणि इथे माझा मुख्य आग्रह आहे. शेजार नकाशावरच्या जिल्ह्याने ठरवू नका. रस्त्याने आणि रुळाने ठरवा. पवनी भंडारा जिल्ह्यात, भिवापूर आणि उमरेड नागपूर जिल्ह्यात. पण तिन्ही एकाच रस्त्यावर ओवलेली. तुमसर, भंडारा आणि गोंदिया हावडा मार्गावर; वर्धा आणि पुलगाव मुंबईच्या मार्गावर. ज्या गावचे लोक एकमेकांच्या बाजाराला जातात, ती गावे एकमेकांचा सामना बघायलाही येतील. नरखेड आणि वरुड यांचे पाहा. दोन्ही संत्र्यांची गावे, मध्ये रेल्वेही आहे. पण १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, वरुड तिकडे गेले, नरखेड नागपूरकडे राहिले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ही दोन शेजारी गावे समोरासमोर येण्याचा रस्ताच उरला नाही. दोन्ही विद्यापीठांनी मनावर घेतले तर एक सीमेवरचा गट करणे अवघड नाही.

अंतराकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते अमेरिकेत पाहावे. तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा तो निराळा खेळ. पण त्यांचीही मंडळे मुळात शेजाऱ्यांची होती. पुढे दूरदर्शनच्या पैशाने ती विस्कटली. 'बिग टेन' ह्या मंडळात २०२४ पासून अठरा संघ आहेत. नाव मात्र दहांचेच! त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात दाखल झाले. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला ह्यातला हिशेब कळतो. परीक्षा देणाऱ्या पोराच्या प्रवासाचा हिशेब त्यात कुठे आहे ते कळत नाही.

माझे सहकारी म्हणतात, दुबळ्या संघाला तीन सामने दिले तर तो तीनदा हरेल. ह्याला उत्तर क्रिकेटमध्ये सापडते. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली, आणि त्याच हंगामात आपला विदर्भ मध्य विभागात उतरला. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश यांच्याशी वर्षानुवर्षे गाठ. बहुधा हारच. पण सामने मिळत राहिले. २००२-०३ मध्ये विभाग मोडून 'एलिट' आणि 'प्लेट' असे वरचे-खालचे गट केले. खालच्या गटाला 'प्लेट' म्हणायची कल्पना कोणाची होती कोण जाणे; मला ते जेवणानंतर उरलेल्या भांड्यासारखे वाटे. विदर्भाने बराच काळ तिथे काढला. पण गटाला वर जायची शिडी होती. पुढे तर खालच्या गटातून थेट बाद फेरीत शिरायची वाटही उघडली, आणि त्या वाटेने राजस्थानने २०१०-११ मध्ये करंडकच नेला. विदर्भ २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीचा पराभव करून प्रथमच विजेता झाला. २०१८-१९ मध्ये पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. हे केवळ गटांच्या मांडणीने झाले असे मी म्हणणार नाही. प्रशिक्षक, मैदान, जिद्द, सारेच लागले. पण सामनेच मिळाले नसते तर ती जिद्द दाखवायची कुठे?

म्हणून शेजारगटांचा पहिला टप्पा झाल्यावर तळाच्या संघांचीही एक छोटी स्पर्धा घ्यावी, असे मी सुचवतो. तिला करंडक नसला तरी चालेल. पंच मात्र असावा.

पैशाचे काय, असे शिक्षकमित्र विचारतील. पंचाचे मानधन आणि चुन्याच्या रेघा हा खर्च वाढेल, मुक्कामाचा घटेल. उरलेला फरक किती, ते तुमच्या कॉलेजची मागच्या वर्षीची खर्चाची वही काढून एकदा मांडून पाहा. तारखा मी डिसेंबरच्या धरल्या आहेत. धान घरात आलेले असते, मैदानातला चिखल वाळलेला असतो. पहिला सामना भिवापूर आणि पवनीचा ठेवावा. मी येईन. कडेला उभे राहून दोन्ही संघांचे दोष सांगायला कोणीतरी लागेलच.