उठलं की गरगरतं, बसलं की बरं वाटतं

आम्ही एका बचत गटातल्या चौघीजणी बोलतोय. चौघींची तक्रार वरवर पाहता एकच. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, पायातलं बळ जातं. खाली बसलं, आडवं झालं की थोड्या वेळात माणूस ठीक.

हे दुखणं सोसण्यापेक्षा ते लोकांना पटवणं जड जातं. खुरपणीला गेलं की उकिडवं बसून आम्ही ओळ पुरी करतो, तोवर काही होत नाही. ओळ संपली, उठायची वेळ आली की गरगरतं. मग शेजारच्या ओळीतून आवाज येतो, "बसायला सांगा, बसते. पाटी उचलायला सांगितली की हिला चक्कर." ऐकून वाईट वाटतं, पण बोलणारी जे बघते ते खरंच असतं. उकिडवं बसल्यावर पायातलं आणि पोटातलं रक्त दाबलं जाऊन वर हृदयाकडे येतं, म्हणून बरं वाटतं. उठलं की ते पुन्हा खाली उतरतं. ढोंग नाही, शरीराचं गणित आहे.

कुणीही उभं राहिलं तरी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढलं जातं. आपल्याला न विचारता काम करणाऱ्या काही नसा असतात. श्वास, घाम, पचन, हृदयाचे ठोके त्याच सांभाळतात. त्यांना स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. उभं राहताच या नसा रक्तवाहिन्या आवळतात, ठोके थोडे वाढवतात आणि रक्त वर पोचतं. हा कारभार बिघडला की डॉक्टर त्याला डिसऑटोनोमिया म्हणतात. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की काय होतं? मोटर जोरात चालते, पण पाइपातून पाणी तुटक तुटक येतं. तसंच हे. हृदय धावतं, पण प्रत्येक ठोक्याला रक्त थोडंच फेकलं जातं.

हे बीपीच्या आकड्यांतही दिसू शकतं. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. १२० आणि ८० असेल तर उरले ४०. या फरकाला नाडीदाब म्हणतात. आमच्यातल्या एकीचं उभ्यानं बीपी निघालं १०४ आणि ८२. फरक फक्त २२. हा फरक वरच्या आकड्याच्या पाव हिश्श्याहून कमी असला तर तो कमी समजतात. १०४ चा पाव हिस्सा २६. पण तिला दवाखान्यात दोन वर्षं "बीपी नॉर्मल" एवढंच सांगत होते, कारण मोजत होते खुर्चीवर बसवून. म्हणून दोन्ही आकडे विचारा, आणि आडवं झोपवून व उभं करून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.

आधी पाच-दहा मिनिटं शांत पडून बीपी आणि नाडी मोजायची. मग भिंतीला टेकून उभं राहायचं आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. जवळ धरायला कुणीतरी हवंच, आणि फार गरगरलं तर तिथंच थांबायचं. तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते उभ्यानं बीपी पडणं. बीपी तसं पडत नाही, पण दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढते आणि असा त्रास महिनोन्‌महिने चालतो, त्याला पॉट्स म्हणतात. कोवळ्या वयाच्या मुलींत ४० ठोके धरतात. पॉट्स बाईमाणसांत जास्त आढळतो, आणि कधी कधी तापाच्या किंवा कोविडसारख्या आजारानंतर सुरू होतो.

आमच्या चौघींत दोघींना पॉट्स निघाला. तिसरीचं रक्त कमी होतं, पाळीत अंगावरून फार जात होतं. चौथीची चक्कर बीपीच्या गोळीनं येत होती. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि ती बरी झाली. तक्रार एक, कारणं तीन. म्हणून आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं.

एक गोष्ट मात्र वेगळी लक्षात ठेवा. ताप येऊन गेलाय किंवा उतरतोय, आणि दोन आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी झालाय, हातपाय गार पडलेत, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर तो डेंग्यूचा धोका असू शकतो. तेव्हा घरचे उपाय नकोत, १०८ ला फोन करा. छातीत दुखणं, कष्टाचं काम करता करता बेशुद्ध पडणं, बाळंतपणानंतर किंवा एरवीही फार रक्त जाणं, यालाही थांबायचं नाही.

आता रोजचं जगणं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले पाणी पितो. मग कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळायच्या, मगच उभं राहायचं. शेतात ओळ संपली की आधी गुडघ्यावर येतो, थांबतो, मग उठतो. रेशनच्या रांगेत पायावर पाय आडवा घालून मांड्या आवळतो. अंघोळ बसून आणि कोमट पाण्यानं. एकदम पोटभर भात खाल्ला की जास्त गळून जायला होतं, म्हणून थोडं थोडं खातो. निर्जळी उपास आम्ही सोडलेत. देवाला आमची अडचण कळते, सासवांना कळायला थोडा वेळ लागला.

मिठाचं जपून. पॉट्सवाल्या दोघींना डॉक्टरांनी जास्त मीठ सांगितलंय, म्हणून त्या ताकात, आंबिलीत वेगळं घालून घेतात. घरच्या भाजीत वाढवत नाहीत, कारण त्याच भाजीतलं बीपी असलेलं माणूसही जेवतं. एरवी सगळ्यांना दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, याहून कमीच मीठ सांगितलंय. गरोदर असाल, बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आपल्या मनानं मीठ वाढवू नका.

दिवसभर पडून राहिल्यानंही हे वाढतं. आम्ही आधी झोपून पाय हलवण्यापासून सुरुवात केली, मग बसून, मग चालणं. महिने लागतात. त्रास पुरता गेला असं दोघींपैकी एकीचंही नाही. पण चुलीपुढे किंवा विहिरीच्या काठावर अंधारी आली तर काय होईल, ही धास्ती कमी झाली. कारण आता अंधारी यायला लागली की कुणाला न विचारता आम्ही जिथल्या तिथं खाली बसतो, जागा असली तर आडवं होऊन पाय उंचावर ठेवतो. विहिरीवर एकटीनं जात नाही.

गटाच्या पैशातून बीपीचं एक मशीन घेतलंय. ते हिशोबाच्या पेटीत असतं. सोबत एक वही आहे. तारीख, झोपून, उभ्यानं, नाडी, आणि पाळीचा कितवा दिवस, असे रकाने आखलेत. पाळीच्या दिवसांत आणि वैशाखात आकडे बिघडतात हे त्या वहीवरूनच आम्हाला समजलं. दवाखान्यात जाताना वही सोबत नेतो आणि बोलण्याआधी ती डॉक्टरांपुढे उघडून ठेवतो.